विहिरीवरचा पहारा

७ मे २०२५ रोजी देशातल्या २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत मॉक ड्रिल घेण्याचे ठरले आणि मुंबई, उरण, तारापूर या ठिकाणीही भोंगे वाजले. दिवे किती वेळ बंद ठेवायचे, खिडक्यांना काय लावायचे, तळघर नसेल तर कुठे थांबायचे, असे प्रश्न त्या आठवड्यात घरोघरी विचारले गेले. ते विचारायलाच हवे होते. मला मात्र दुसऱ्याच प्रश्नांनी घेरले. भोंगा खरोखरीचा असेल त्या रात्री आमच्या पाण्याच्या टाकीत क्लोरीन कोण टाकणार? आठवड्यातून दोनदा डायलिसिस करावे लागणाऱ्या शेजाऱ्याला कोण नेणार? क्षयरोगाच्या गोळ्यांचा एकही दिवस चुकता कामा नये, अशा रुग्णाच्या हाती त्या कोण पोहोचवणार?

युद्ध म्हटले की राजधानी, मंत्रालय, बंदर डोळ्यांपुढे येते. लोक झोपतात ते उपनगरात. म्हणून युद्धकाळातल्या आरोग्याचा विचार मी उपनगराच्या बाजूने करतो. त्यासाठी सर्वांत जास्त शिकण्यासारखे उदाहरण दुसऱ्या महायुद्धातल्या लंडनभोवतीच्या वस्त्यांचे आहे. क्रॉयडन, वेस्ट हॅम, विलझडेन, वॉल्थमस्टो, इल्फर्ड ही गावे तेव्हा लंडन काउंटी कौन्सिलच्या हद्दीबाहेर होती. प्रत्येकाची नगरपालिका वेगळी होती, आरोग्य अधिकारीही वेगळा होता. तिथे जे घडले त्यावरून माझे ठाम मत झाले आहे, ते असे: युद्धात माणसांना साथींपासून वाचवतात ती शांततेच्या काळात रोज केलेली, कुणाच्या नजरेत न भरणारी कामे. जी कामे आपण शांततेत टाळतो ती युद्ध आपल्याकडून करून घेते, पण तोवर बरीच माणसे गेलेली असतात. त्याचे मुद्दे पुढे मांडतो.

१. पहिला धडा बॉम्बने दिला नाही, विहिरीने दिला.

१९३७ च्या शरद ऋतूत क्रॉयडनमध्ये विषमज्वराची साथ आली. अ‍ॅडिंग्टन इथल्या विहिरीत उतरून कामगार दुरुस्ती करत होते. काम चालू असताना त्याच विहिरीचे पाणी गावाला जात होते, आणि नेमके त्या दिवसांत ते गाळणे व त्यात क्लोरीन मिसळणे थांबवलेले होते. कामगारांपैकी एकाला अनेक वर्षांपूर्वी विषमज्वर होऊन गेला होता. तो ठणठणीत होता, पण त्याच्या शरीरात जंतू टिकून होते आणि त्याला त्याची कल्पना नव्हती. तीनशेहून अधिक लोक आजारी पडले, ४३ दगावले.

त्या कामगाराला दोष देऊन काय मिळणार? रहिवाशांनी समिती स्थापून चौकशीचा आग्रह धरला आणि सरकारी चौकशी झाली. तिच्यातून पुढे आलेली गोष्ट फार साधी होती. पाणीपुरवठ्याच्या खात्याला विहिरीतल्या कामाची माहिती होती, आरोग्य खात्याला ती कुणी दिली नाही. एकाच नगरपालिकेतली ही दोन खाती, आणि त्यांच्यातल्या या अबोल्याने ४३ जीव घेतले. हे सगळे शांततेच्या काळात, इंग्लंडमधल्या सुखवस्तू उपनगरात घडले.

२. म्हणून युद्धात पाणी राखता आले.

७ सप्टेंबर १९४० पासून लंडनवर सलग ५७ रात्री बॉम्बफेक झाली. रस्त्याखालच्या जलवाहिन्या फुटल्या, मैलावाहिन्याही फुटल्या, आणि दोन्ही एकाच खड्ड्यात. विषमज्वराची मोठी साथ येणार, अशी भीती सगळ्यांनाच होती. ती आली नाही. क्रॉयडननंतर पिण्याच्या पाण्यात क्लोरीन घालणे हा नियमच झाला होता. युद्धात त्याचे प्रमाण वाढवले गेले. वाहिनी जोडल्यावर ती निर्जंतुक करूनच नळ सुरू करायचा, ही शिस्त पाळली गेली.

क्लोरीनच्या जोडीला तपासणीही होती. युद्ध सुरू होताच मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या देखरेखीखाली आणीबाणीची सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा सेवा उभी राहिली. उत्तर लंडनच्या उपनगरातले कोलिंडेल हे तिचे एक मोठे ठिकाण. पाणी, दूध, घशातला स्राव यांचे नमुने तपासणे हे तिचे काम. जीवाणूंच्या आनुवंशिकतेवर पायाभूत संशोधन करणारे फ्रेड ग्रिफिथ याच सेवेत होते. एप्रिल १९४१ च्या हल्ल्यात ते आणि त्यांचे सहकारी डब्ल्यू. एम. स्कॉट लंडनमधल्या घरी मारले गेले. नमुने तपासणारी माणसेही आघाडीवरच असतात, हे त्यांच्या मृत्यूने दाखवले. त्यांच्या सेवेला युद्ध संपल्यावर कायमचे रूप मिळाले, हे त्या देशाचे शहाणपण.

३. भीतीचा हिशेब चुकला की त्याची किंमत आधीच आजारी असलेले मोजतात.

युद्धाआधी ब्रिटिश नियोजनकर्त्यांनी अंदाज बांधला होता की पहिल्या साठ दिवसांत हवाई हल्ल्यांत ६ लाख माणसे मरतील. संपूर्ण युद्धात ब्रिटनमध्ये हवाई हल्ल्यांत मेलेल्या नागरिकांची संख्या सुमारे ६० हजार. हा आकडाही भयंकर आहे. पण त्या पहिल्या अंदाजापायी सप्टेंबर १९३९ च्या सुरुवातीला रुग्णालयांतल्या खाटा घाईघाईने रिकाम्या करण्यात आल्या. दोन दिवसांत सुमारे १ लाख ४० हजार रुग्ण घरी गेले. त्यांत क्षयरोगाचे हजारो रुग्ण होते. ज्यांच्या थुंकीत जंतू होते असे लोक दोन खोल्यांच्या घरांत मुलाबाळांमध्ये परतले. हल्ले सुरू व्हायला अजून वर्ष होते. खाटा जखमींची वाट पाहत रिकाम्या राहिल्या. १९४० आणि १९४१ मध्ये क्षयरोगाचे मृत्यू वाढले. गर्दी, आहार, श्रम ही कारणेही त्यात होती, पण उपचारातून काढून दिलेले रुग्ण हे कारण झाकता येणार नाही.

चूक उमगल्यावर ती दुरुस्त करायला वेळ लागला. १९४३ पासून छातीच्या लहान एक्स-रे फिल्मने कारखान्याकारखान्यांत जाऊन तपासणी सुरू झाली. उपचार घेताना पगार बुडतो म्हणून आजार लपवला जातो, हे ओळखून त्याच वर्षी क्षयरुग्णांच्या कुटुंबांना भत्ता मिळू लागला.

हे आपण परके म्हणून वाचू नये. भारतात २०१९ मध्ये क्षयरोगाच्या सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती, २०२० मध्ये ती १८ लाखांवर आली. रोग कमी झाला नव्हता. करोनाच्या धावपळीत तो शोधणारी माणसे, यंत्रे आणि खाटा दुसरीकडे वळल्या होत्या. संकट कोणतेही असो, जुन्या रुग्णाची खाट आधी काढून घ्यायची ही सवय आपण सोडली पाहिजे.

४. शहराने झाकून ठेवलेले स्थलांतरात उघडे पडते.

सप्टेंबर १९३९ च्या पहिल्या तीन दिवसांत सुमारे १५ लाख लोक, त्यांत बहुतेक मुले आणि माता, शहरांतून आणि दाट उपनगरांतून खेड्यांकडे हलवले गेले. गावातल्या घरांनी दार उघडले तेव्हा दारात उवा झालेली, खरूज झालेली, धड बूट नसलेली मुले उभी होती. सुरुवातीला संताप झाला, वर्तमानपत्रांत पत्रे आली, आयांना नावे ठेवली गेली.

मग काहींनी आकडे तपासले. शाळा-तपासणीच्या कागदावर उवांचे प्रमाण अगदी थोडे दिसत होते. कीटकशास्त्रज्ञ केनेथ मेलनबी यांनी स्वतंत्रपणे पाहिले तेव्हा औद्योगिक शहरांतल्या मुलींमध्ये ते निम्म्याच्या आसपास निघाले. म्हणजे तपासणी वर्षानुवर्षे होत होती, नोंदही होत होती, आणि ती नोंद खरी नव्हती. याच मेलनबींनी शेफील्डमध्ये खरजेवर प्रयोग केले. युद्धात शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेल्या तरुणांनी त्यासाठी स्वतःचे अंग पुढे केले. खरूज मुख्यतः अंगाला अंग लागून पसरते, कपडे-पांघरुणांतून क्वचितच, हे त्यातून सिद्ध झाले. घोंगड्या वाफवण्यात जाणारी मेहनत वाचली आणि ती घरातल्या सर्वांना एकाच वेळी मलम लावण्याकडे वळवता आली. १९४१ च्या खरूज आदेशाने आरोग्य अधिकाऱ्यांना घरे आणि माणसे तपासण्याचा अधिकार मिळाला.

यातून मी दोन गोष्टी घेतो. खोटी नोंद ही नोंद नसण्यापेक्षा घातक, कारण ती आपल्याला झोपवते. आणि घाण ही गरिबाची खोड नसते. जिथे वीस घरांना एक नळ आणि साबणाला पैसा नाही, तिथे उवांचा दोष आईच्या माथी मारणे हा अन्याय आहे. साबणावर रेशन आले ते फेब्रुवारी १९४२ मध्ये, गरीब घरांत साबणाची टंचाई त्याच्या कितीतरी आधीपासून होती.

५. लस असणे वेगळे आणि ती मुलाच्या दंडापर्यंत पोहोचणे वेगळे.

घटसर्पाची लस १९२० च्या दशकापासून उपलब्ध होती. न्यूयॉर्कमध्ये आणि कॅनडातल्या शहरांत तिने मुले वाचवली होती. ब्रिटनमध्ये मात्र ती द्यायची की नाही आणि पैसा कुठून आणायचा, हे ज्या त्या नगरपालिकेवर सोडलेले होते. काही ठिकाणी ती दिली जात होती, बहुतेक ठिकाणी नव्हती. दर वर्षी साधारण ५० हजारांहून अधिक मुलांना घटसर्प होई आणि सुमारे ३ हजार मुले गुदमरून मरत. हा आकडा ज्या देशाला सोसवत होता, तो युद्धात सोसवेनासा झाला, कारण आता निवाऱ्यांत शेकडो मुले एकत्र झोपणार होती.

१९४० च्या अखेरीला सरकारने लस नगरपालिकांना फुकट पुरवायला सुरुवात केली. भित्तिपत्रके, रेडिओ, शाळा, घरोघरी जाणाऱ्या परिचारिका, सगळे कामाला लागले. युद्ध संपेपर्यंत निम्म्याहून अधिक मुलांना लस मिळाली होती आणि १९४५ मध्ये घटसर्पाचे मृत्यू हजाराच्या आत आले होते. बॉम्ब पडत असताना हे साधले. मग आधीची पंधरा वर्षे, शांततेत, ते का साधले नाही? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर कुणाकडेच नव्हते.

आपल्याकडेही मुंबईच्या गोवंडीत २०२२ च्या अखेरीस गोवराची साथ आली आणि मुले दगावली. करोनाच्या काळात हुकलेले डोस हे तिचे एक मोठे कारण होते. गोवराची लस आपल्याकडे अनेक दशके आहे. वस्तीतल्या प्रत्येक मुलाचे नाव कुणाच्या तरी वहीत असणे आणि डोस हुकला की कुणीतरी दारात येणे, एवढेच हवे असते.

६. निवारा म्हणजे नुसते छप्पर नव्हे.

लोक भूमिगत रेल्वेच्या फलाटांवर झोपू लागले तेव्हा सरकारने आधी विरोध केला, मग माघार घेतली. २७ सप्टेंबर १९४० च्या रात्री तिथे सुमारे १ लाख ७७ हजार लोक होते. शौचालये नव्हती, बादल्या होत्या. ओल, डास, खोकला. लॉर्ड होर्डर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने सुचवलेले उपाय गर्दी कमी करण्याचे, खाटा लावण्याचे, हवा खेळती ठेवण्याचे, मलमूत्राची सोय करण्याचे आणि परिचारिका नेमण्याचे होते. त्यांत नवे असे काहीच नव्हते. ते वेळेवर, नेटाने अंमलात आले, हेच त्यांचे मोल. निवाऱ्यांतून पसरेल अशी ज्या महासाथीची धास्ती होती ती आली नाही.

इथे उपनगरासाठी एक खास गोष्ट आहे. नोव्हेंबर १९४० मध्ये लंडन परिसरात गणती झाली. भूमिगत रेल्वेत झोपणारे ४ टक्के, सार्वजनिक निवाऱ्यांत ९ टक्के, घराच्या आवारातल्या निवाऱ्यांत २७ टक्के. उरलेले सगळे आपापल्या घरी. छायाचित्रे फलाटांची निघाली, माणसे मात्र उपनगरांतल्या परसात खड्डा खणून बसवलेल्या पत्र्याखाली नाहीतर जिन्याखाली झोपत होती. म्हणून आरोग्यसेवा घरापर्यंत चालत जायला हवी होती. जिथे घरोघरी जाणाऱ्या परिचारिका आधीपासून नेमलेल्या होत्या, तिथे त्यांना प्रत्येक दार ओळखीचे होते.

७. बेघर झालेला माणूस हा आरोग्याचाच प्रश्न आहे.

हल्ल्यांत माणसे मरतील हे गृहीत धरले होते. घर गेलेली पण जिवंत माणसे प्रचंड संख्येने उरतील, याचा विचार फारच कमी झाला होता. त्यांच्यासाठीची केंद्रे जुन्या गरीब-कायद्याच्या वृत्तीने चालवली जात: चहा, पाव, थोडे डबाबंद मांस, आणि काही तासांत निघून जा. जायचे कुठे, हे कुणी सांगत नव्हते.

वेस्ट हॅममधल्या साउथ हॉल्सव्हिल शाळेत अशी शेकडो माणसे बसेसची वाट पाहत थांबली होती. बसेस वेळेवर आल्या नाहीत. १० सप्टेंबर १९४० च्या पहाटे शाळेवर बॉम्ब पडला. अधिकृत आकडा ७७ मृतांचा, स्थानिक लोकांच्या मते मेलेले त्याहून कितीतरी जास्त. ही माणसे एकदा वाचली होती. दुसऱ्यांदा त्यांना वाचवण्यासाठी फक्त वेळेवर पोहोचलेली वाहने हवी होती.

त्यानंतर लंडनमधल्या बेघरांसाठी हेन्री विलिंक यांची खास आयुक्त म्हणून नेमणूक झाली. ते क्रॉयडन उत्तरचे खासदार. पुढे १९४३ मध्ये ते आरोग्यमंत्री झाले आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेची पहिली श्वेतपत्रिका त्यांच्याच काळात निघाली. ती सेवा ५ जुलै १९४८ ला नव्या सरकारने वेगळ्या रूपात सुरू केली. तरी मला वाटते, घर गेलेल्या माणसांच्या रांगा ज्याने जवळून पाहिल्या, त्याच्या खात्यातून असा मसुदा निघाला यात नवल नाही.

८. दूध हेही संरक्षणसाहित्य आहे.

जुलै १९४० मध्ये, फ्रान्स पडल्यानंतरच्या सर्वांत कठीण आठवड्यांत, ब्रिटनने राष्ट्रीय दूध योजना सुरू केली. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या माता आणि पाच वर्षांखालची मुले यांना रोज अर्ध्या लिटरहून थोडे अधिक दूध दोन पेनीत, आणि गरिबांना फुकट. पुढच्या वर्षी कॉड माशाचे तेल आणि फळांचा रस आला. १९४० मध्ये शाळेत जेवणारी मुले सुमारे १ लाख ३० हजार होती, १९४५ मध्ये ती १६ लाखांवर गेली.

इंग्लंड आणि वेल्समध्ये हजार जिवंत जन्मांमागे अर्भकमृत्यू १९३९ मध्ये ५१ होते. बॉम्बफेकीच्या १९४१ साली ते ६० वर चढले. १९४५ मध्ये ते ४६ वर उतरले, म्हणजे युद्ध सुरू झाले तेव्हापेक्षाही कमी. खायला कमी होते, पण वाटणी न्यायाने झाली, आणि घासातला पहिला हक्क बाळाचा आणि बाळंतिणीचा ठरला.

९. संरक्षणाचा उपायही तपासून घ्यावा लागतो.

काळोखबंदीच्या रस्त्यांवर माणसे मोटारींखाली मेली. १९४१ मध्ये ब्रिटनमध्ये रस्त्यांवर ९,१६९ लोक मेले. युद्धाआधी, १९३८ मध्ये, तो आकडा ६,६०० च्या आसपास होता. दिवे घालवायचा आदेश देणाऱ्याने पदपथाच्या कडेला पांढरा पट्टा मारण्याचीही जबाबदारी घ्यावी, हे तेव्हा शिकले गेले. आपणही मॉक ड्रिलच्या रात्री रुग्णवाहिका कशी जाणार, हे आधी विचारावे.

१०. ‘सार्वजनिक’ या शब्दात कोण येते, हे युद्धात कळते.

वरचा इतिहास सांगताना एक गोष्ट दडवली तर मी वाचकांशी अप्रामाणिक ठरेन. ज्या सरकारने आपल्या उपनगरांतल्या बाळांना दूध पुरवले, त्याच सरकारच्या राज्यात १९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळ पडला. सुमारे ३० लाख लोक गेल्याचा अंदाज आहे. त्यांतले बरेचसे उपासमारीने खचलेल्या शरीरांवर चाल करून आलेल्या हिवताप, पटकी, देवी यांनी गेले. तिथे दूध योजना नव्हती, वेळेवर रेशनही नव्हते. अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले की धान्याच्या एकूण तुटीपेक्षा ते विकत घेण्याची ऐपत लोकांच्या हातून गेली, हे मोठे कारण होते. म्हणजे ज्ञान तेच, काळ तोच, राज्यकर्ते तेच. बंगालच्या आईला ‘सार्वजनिक’ या शब्दात जागा नव्हती.

त्याच वर्षी, ऑक्टोबर १९४३ मध्ये, भारताच्या आरोग्याची पाहणी करण्यासाठी समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर नाशिकला जन्मलेले, पुण्यात डेक्कन कॉलेजात शिकलेले. १९४६ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालाने पैसे नाहीत म्हणून कुणीही उपचारावाचून राहू नये हे तत्त्व मांडले, आणि प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना या देशाला दिली. लंडन आणि दिल्ली या दोन ठिकाणी, एकाच युद्धाच्या धगीत, आरोग्य हा हक्क आहे हे लिहिले गेले. भोर समितीचा तो कागद आपण अजून पुरता अंमलात आणलेला नाही.

११. ‘युद्ध काही आपल्या दारी येणार नाही’ या आक्षेपाला उत्तर.

न येवो, हीच माझीही इच्छा. पण अ‍ॅडिंग्टनच्या विहिरीला युद्ध लागले नव्हते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्यालगत, नांदेडगाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गुइलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण झपाट्याने वाढले, पुणे परिसरात त्यांची संख्या दोनशेपलीकडे गेली. हातापायांतली ताकद जाऊन कित्येक जण व्हेंटिलेटरवर गेले, काही मरण पावले. रुग्णांच्या नमुन्यांत दूषित पाण्यातून व अन्नातून येणारा कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला आणि सगळ्यांच्या नजरा नांदेडगावच्या विहिरीकडे वळल्या. हा भाग अलीकडे शहरात आलेला. इमारती आधी आल्या, शुद्ध पाण्याची व्यवस्था मागे राहिली. वसई-विरार असो, कल्याण-डोंबिवली असो, पुण्याच्या कडेची गावे असोत, उपनगर असेच वाढते. १९३७ चे क्रॉयडन आणि २०२५ चे नांदेडगाव यांच्यात ८८ वर्षे आहेत आणि मधे एकच गोष्ट आहे: विहिरीवरचा पहारा.

१२. म्हणून आपण काय मागावे.

मागण्या मोठ्या नाहीत, आणि भोंग्याची वाट न पाहता आजच करता येतील.

एक, आपल्या प्रभागातल्या नळाच्या टोकाशी क्लोरीन किती उरते, याचा आकडा दर आठवड्याला लोकांना दिसेल असा लावावा. भारतीय मानकाप्रमाणे तो लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. पाणी खात्याने टाकी, विहीर, वाहिनी यांच्या दुरुस्तीला हात लावण्याआधी आरोग्य खात्याला लेखी कळवावे.

दोन, प्रत्येक प्रभागाचा वार्षिक आरोग्य अहवाल छापावा: किती जन्म, किती मृत्यू, कशाने, किती मुलांचे डोस हुकले. लंडनच्या उपनगरांतल्या आरोग्य अधिकाऱ्यांचे अहवाल कागदाच्या टंचाईत आखूड झाले, तरी बॉम्बफेकीतही ते लिहिले गेले. आपल्याकडे कागदाची टंचाई नाही.

तीन, जे थांबले तर माणूस मरेल अशा उपचारांची यादी प्रभागनिहाय हवी: डायलिसिस, इन्सुलिन, क्षयरोगाची औषधे, प्राणवायू, बाळंतपणाची तारीख. संकट आले की या यादीतल्या कुणाची खाट वा गोळी कुणाच्याही आदेशाने काढली जाणार नाही, असा ठराव आधीच व्हावा.

चार, यादीत भाडेकरू, बांधकामावरचे मजूर, रेशनकार्ड नसलेले, सगळे मोजले जावेत. जो मोजला जात नाही त्याचे काय होते, हे बंगालने दाखवले आहे.

पाच, आशा सेविका, परिचारिका, स्वच्छता कर्मचारी, पाणी सोडणारे कामगार यांना वेळेवर आणि पुरेसा पगार मिळावा. संकटाच्या रात्री प्रत्येक दार त्यांनाच ओळखीचे असणार आहे.

पुढच्या मॉक ड्रिलला भोंगा वाजेल तेव्हा आपण दिवे घालवू. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र दोघातिघांनी मिळून आपल्या पाण्याच्या टाकीपर्यंत चालत जावे आणि तिथल्या कामगाराला नमस्कार करून विचारावे: काल रात्री क्लोरीन घातले होते का, आणि त्याची वही दाखवता का? त्या वहीत कालची नोंद असेल, तर आपल्या उपनगराच्या संरक्षणाला सुरुवात झाली आहे असे मी समजेन.